बंद पेटी आणि सही केलेली आज्ञा

आपल्यापैकी अनेकांनी वर्गात बंद पेटीचा खेळ घेतला असेल. एका खोक्यात दोन-चार वस्तू ठेवायच्या, खोके चिकटपट्टीने बंद करायचे आणि मुलांच्या हातात द्यायचे. खोके उघडायचे नाही, एवढीच अट. मुले ते हलवतात, तिरके करतात, कान लावतात, बाहेरून लोहचुंबक फिरवतात. 'आत गोल काहीतरी घरंगळतंय', 'एक वस्तू लोखंडाची आहे' असे अंदाज बांधतात आणि अंदाज खरा की खोटा हे ठरवण्यासाठी खोके पुन्हा हलवतात. अणूच्या अंतरंगाची किंवा पृथ्वीच्या गाभ्याची माहिती माणसाने साधारण अशाच वाटेने मिळवली, हे मग त्यांना सांगता येते.

या लेखात आपण अशाच एका बंद पेटीचा इतिहास पाहणार आहोत. ही पेटी माणसांनीच बनवलेली आहे आणि ती आपल्या संगणकात असते. तिचे नाव ग्राफिक्स कार्ड. तिच्या आत काय चालते हे बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असते, पण पुष्कळदा ती ते सांगत नाही. म्हणून जगभरच्या काही प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षे ही पेटी हलवून, तिला कान लावून आतले नियम शोधून काढले. पुढे मात्र असे वळण आले की नियम कळूनही त्यांचा उपयोग करता येईना. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे वळण समजून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

ड्रायव्हर कशासाठी लागतो?

संगणकाच्या पडद्यावरचे अक्षर असो की चित्र, ते बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचा, म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग पुरवावा लागतो. हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर टाकले, तर त्याला इतर कामांना फुरसत उरणार नाही. म्हणून चित्रे काढण्यासाठी वेगळा प्रोसेसर असतो. तो ज्या कार्डावर बसवलेला असतो, ते ग्राफिक्स कार्ड.

या कार्डाला हुकूम द्यायचा कसा? कार्डावर क्रमांक दिलेले हजारो छोटे कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. अमुक कप्प्यात अमुक संख्या लिहिली की कार्ड रेघ काढते. दुसऱ्या कप्प्यात दुसरी संख्या लिहिली की पंख्याचा वेग वाढतो. एखाद्या मोठ्या वीजघरातल्या फलकासमोर आपण उभे आहोत, हजारो बटणे आहेत, पण एकाही बटणाखाली पाटी नाही, अशी कल्पना करा. पाट्यांची यादी कंपनीकडे असते. ती यादी जाणणारी आणि संगणकाच्या कार्यप्रणालीचे म्हणणे कार्डाला समजेल अशा संख्यांत सांगणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. यादी प्रसिद्ध केलेली असेल, तर ड्रायव्हर कोणीही लिहू शकतो. ती गुप्त असेल, तर ड्रायव्हर फक्त कंपनी लिहू शकते, आणि कंपनीने तो लिहिला नाही किंवा पुढे अद्ययावत केला नाही, तर चांगले चालणारे कार्ड निरुपयोगी होते.

कागद अडकणारा प्रिंटर

या वादाची सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून झाली नाही. ती एका प्रिंटरपासून झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा होती. तेथे रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रामर काम करत. प्रयोगशाळेतला प्रिंटर वेगळ्या मजल्यावर होता आणि त्यात कागद अडकत असे. स्टॉलमन यांनी त्याच्या आज्ञावलीत भर घालून, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाईल अशी सोय केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने प्रयोगशाळेला नवा लेझर प्रिंटर दिला. कागद त्यातही अडकायचा. पण या वेळी आज्ञावलीचे मूळ लिखित रूप, म्हणजे सोर्स कोड, सोबत आला नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या संशोधकाकडे तो होता. स्टॉलमन यांनी मागितला, तेव्हा त्याने नकार दिला. कारण कोणालाही न देण्याच्या करारावर त्याने सही केली होती.

दुरुस्ती करण्याचे ज्ञान होते, इच्छा होती, यंत्र समोर होते. फक्त मजकूर नव्हता. स्टॉलमन यांच्या मनाला ही गोष्ट लागली. १९८३ साली त्यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, हे त्याचे सूत्र होते. १९८९ साली या विचाराला कायद्याच्या भाषेत बसवणारा जी.पी.एल. हा परवाना आला. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला.

पाट्या नसलेली बटणे

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात पडद्याचा प्रश्न तुलनेने सोपा होता. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए ही पद्धत आणली. तिचे रजिस्टर सर्वांना माहीत होते. ६४० × ४८० ठिपके आणि १६ रंग मिळत. पुढे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने सुधारणा केल्या आणि प्रत्येकीचे कप्पे वेगळे झाले. १९९२ साली सुरू झालेल्या एक्स-फ्री-८६ या प्रकल्पातले स्वयंसेवक या निरनिराळ्या कार्डांसाठी ड्रायव्हर लिहीत. त्यांना पहिला मोठा अडथळा आला तो डायमंड या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा. पडद्याची गती ठरवणारे घड्याळ कसे चालवायचे, ही माहिती कंपनी गोपनीयतेच्या कराराशिवाय देईना. करार केला, तर ड्रायव्हरचा सोर्स कोड उघड करता येणार नाही. म्हणून स्वयंसेवकांनी या कंपनीच्या कार्डांसाठी ड्रायव्हर लिहायचे नाही असे ठरवले आणि आपल्या माहितीपत्रकात कारणासह तसे छापले. पुढे कंपनीने आपले धोरण बदलले.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्रिमिती चित्रांचे युग आले आणि कार्डे फार गुंतागुंतीची झाली. १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली जीफोर्स २५६ हे कार्ड आणले. लिनक्ससाठी कंपनीने स्वतःचा ड्रायव्हर दिला. तो चांगला चालत असे, पण त्याचा गाभा बंद होता. सोबत 'एनव्ही' नावाचा एक उघडा ड्रायव्हरही होता. तो द्विमिती चित्रांपुरता होता आणि त्यात जागोजागी नुसत्या संख्या लिहिलेल्या होत्या. कोणती संख्या कशासाठी, हे त्यातून कळत नसे. उत्तरपत्रिकेत रीत न दाखवता फक्त उत्तरे लिहावीत, तसा हा उघडेपणा होता.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कार्डाची रचना प्रतिस्पर्ध्याला कळू नये, पेटंटच्या खटल्यांना निमित्त मिळू नये, ड्रायव्हरचा काही भाग दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेला असतो तो उघड करण्याचा अधिकार नसतो, चित्रपटांची नक्कल रोखण्याचे करार पाळावे लागतात, अशी कारणे सांगितली जात. यातली काही रास्त आहेत. पण याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपन्यांनी वेगळी वाट धरली. इंटेलने २००६ पासून आपल्या चित्र-प्रोसेसरांसाठी उघडे ड्रायव्हर देण्यावर भर दिला. एएमडीने २००६ साली एटीआय ही कार्डांची कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये कार्डांची तांत्रिक माहिती गोपनीयतेच्या कराराशिवाय प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले. कार्डाच्या पोटातला काही मजकूर तिनेही बंदच ठेवला, पण बटणांच्या पाट्या दिल्या.

कान लावून ऐकणारे

एनव्हिडियाच्या पाट्या मिळण्याची चिन्हे नव्हती. तेव्हा २००५ साली स्तेफान मार्शेसाँ या फ्रेंच प्रोग्रामरने एक प्रकल्प सुरू केला. संदेश लिहिताना 'एनव्ही' ही अक्षरे टाइप केली, की त्याचा संगणक त्यांच्या जागी 'नूव्हो' हा फ्रेंच शब्द सुचवी. नूव्हो म्हणजे नवा. तेच प्रकल्पाचे नाव झाले.

नूव्होची पद्धत आपल्या वर्गातल्या खोक्याचीच होती. एक छोटी आज्ञावली आधी कार्डाच्या सर्व कप्प्यांतल्या संख्या टिपून घेई. मग कंपनीच्याच बंद ड्रायव्हरकडून एखादे साधे काम करवून घेई, उदाहरणार्थ एक त्रिकोण काढणे. त्यानंतर सगळ्या संख्या पुन्हा टिपून दोन याद्यांतला फरक दाखवी. मग त्रिकोणाचा फक्त रंग बदलायचा आणि पुन्हा फरक पाहायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी स्थिर ठेवा, हा प्रयोगाचा नियम आपण सातवी-आठवीत शिकवतो. येथे तो शब्दशः वापरला जात होता. प्रत्येक प्रकारचे कार्ड एका माणसाकडे असणे शक्य नव्हते. म्हणून देशोदेशीचे लोक ही आज्ञावली आपापल्या संगणकावर चालवून निष्कर्ष पाठवत.

दुसरे साधन होते एमएमआयओ-ट्रेस. कार्डाच्या कप्प्यांकडे जाणारा रस्ता ते तात्पुरता बंद करून ठेवी. ड्रायव्हर तेथे पोचला की तो अडे, कोणत्या कप्प्यात कोणती संख्या चालली आहे याची नोंद होई, आणि मग त्याला पुढे सोडले जाई. जकात नाक्यावर गाडी थांबवून नोंद करावी, तसे. हे साधन २००८ साली लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाले.

असे करणे कायद्यात बसते का, असा प्रश्न मनात येईल. दोन आज्ञावल्या एकमेकींबरोबर चालाव्यात यासाठी लागणारी आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती शोधून काढण्यास भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. युरोपातही १९९१ च्या निर्देशाने अशा कामाला मर्यादित परवानगी दिलेली आहे.

फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.३३ या आवृत्तीत नूव्होचा समावेश झाला. त्याच वर्षी एनव्हिडियाने जुन्या 'एनव्ही' ड्रायव्हरचे काम थांबवले. पाच वर्षांत बंद पेटीतले बरेचसे नियम कळले होते. कंपनी मात्र दूरच राहिली. २०१२ साली फिनलंडमधल्या एका विद्यापीठातल्या जाहीर कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कंपनीबद्दल अतिशय कडक, किंबहुना असभ्य, शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि ती बातमी जगभर गेली. २०१३ साली कंपनीने काही कागदपत्रे प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली.

पेटीच्या आतली पेटी

आता आपण या गोष्टीच्या मर्मापाशी येतो. कार्डावर मुख्य चित्र-प्रोसेसरखेरीज काही छोटे प्रोसेसरही असतात. कोणी घड्याळाची गती सांभाळतो, कोणी एका आज्ञावलीचे काम बाजूला ठेवून दुसरीचे पुढे घेतो. या छोट्या प्रोसेसरांनी काय करायचे, हे सांगणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. पूर्वी ती कार्डावरच्या चिपमध्ये कायमची कोरलेली असे. आता पुष्कळदा ती एका फाइलमध्ये असते आणि संगणक सुरू होताना ड्रायव्हर ती कार्डात भरतो. कंपनीला ती केव्हाही सुधारता येते, हा त्याचा फायदा.

२०१४ पर्यंत या फाइलचीही अडचण नव्हती. आतला प्रोसेसर कसा चालतो हे शोधून नूव्होच्या लोकांनी अनेक कार्डांसाठी स्वतःचे फर्मवेअर लिहिले आणि कार्डांनी ते निमूटपणे चालवले. कार्ड सुरू होते तेव्हा त्याची गती कमी असते आणि ती वाढवणे हे ड्रायव्हरचे काम. २०१२ साली आलेल्या केप्लर पिढीतल्या कार्डांची गतीही नूव्होला पुढे वाढवता येऊ लागली.

सप्टेंबर २०१४ मध्ये मॅक्सवेल पिढीतली जीफोर्स ९०० मालिकेची कार्डे आली. त्यांच्यातले महत्त्वाचे छोटे प्रोसेसर आता फर्मवेअरवर कंपनीची सही आहे का, हे तपासू लागले. ही सही म्हणजे कंपनीकडच्या गुप्त किल्लीने गणित करून काढलेली एक संख्या. फर्मवेअरमधले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. सही जुळली नाही, तर गती वाढवण्यासारख्या नाजूक जागांना हात लावू दिला जात नाही.

सहीचा हेतू सुरक्षेचा असू शकतो, हे मान्य करायला हवे. जुन्या कार्डातली माहिती बदलून ते नवे आणि महागडे म्हणून विकण्याचे प्रकार बाजारात होत होते. पण परिणाम काय झाला ते पाहा. सही केलेले काही फर्मवेअर कंपनीने उघड्या ड्रायव्हरसाठी २०१६ साली दिले. गती वाढवण्यासाठी लागणारे मात्र त्यात नव्हते. त्यामुळे ही कार्डे नूव्होवर सुरू होत, चित्रही दिसे. पण सुरुवातीच्या मंद गतीवरच अडकून राहत. २०१६ साली आलेल्या पास्कल पिढीचेही तसेच झाले.

येथे आपल्या वर्गातल्या खोक्याचे स्वरूप बदलते. आतापर्यंत खोके गप्प होते, पण कोणीही हलवले तरी सारखेच वागत होते. मुंबईत हलवा की पॅरिसमध्ये, कंपनीच्या माणसाने हलवा की विद्यार्थ्याने, चेंडू सारखाच घरंगळे. आता खोके आधी विचारते, 'हलवणारा कोण?' आतला नियम तुम्हांला अगदी बरोबर कळलेला असला, तरी तुमच्याजवळ सही नसेल तर चेंडू हलत नाही. निसर्ग आपली रहस्ये सहजासहजी सांगत नाही, पण योग्य प्रयोग करणाऱ्याला तो कधी ओळखपत्र विचारत नाही. सही केलेले फर्मवेअर ते विचारते. अज्ञान प्रयोगाने दूर होते. परवानगीचा अभाव प्रयोगाने दूर होत नाही.

उघडे झाले ते काय?

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने लिनक्सच्या गाभ्यात चालणाऱ्या आपल्या ड्रायव्हरचा सोर्स कोड प्रसिद्ध केला. ट्युरिंग (२०१८) आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी तो होता. बातमीचे मोठे स्वागत झाले. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की या कार्डांवर जीएसपी नावाचा एक सबळ प्रोसेसर आहे आणि पूर्वी ड्रायव्हर करत असलेली पुष्कळशी कामे आता त्याच्या फर्मवेअरमध्ये गेली आहेत. हे फर्मवेअर बंद आहे, सही केलेले आहे आणि आकाराने कित्येक मेगाबाइटचे आहे. बाहेरची भिंत काचेची झाली, पण त्याआधी बरेचसे सामान आतल्या खोलीत हलवले गेले होते.

तरीही हे पाऊल निरुपयोगी नव्हते. जीएसपीशी बोलायचे कसे हे आता उघड झाले. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.७ पासून नूव्होही त्याच फर्मवेअरच्या मदतीने ही कार्डे योग्य गतीने चालवू शकतो. २०२४ सालीच नोव्हा या आणखी नव्या ड्रायव्हरची घोषणा झाली. वापरणाऱ्याचे काम होते. फक्त गती वाढवण्याचा निर्णय कोणत्या नियमाने होतो, हे त्याला वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही.

मधल्या पिढ्यांचे काय? मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांत जीएसपी नाही आणि गती वाढवणारे फर्मवेअर उघड्या ड्रायव्हरला मिळालेले नाही. २०२५ साली कंपनीने जाहीर केले की लिनक्ससाठीची ५८० ही ड्रायव्हर-मालिका या पिढ्यांना आधार देणारी शेवटची. केप्लर कार्डांच्या वाट्याला अशी निवृत्ती आधीच आली होती; परंतु त्यांची गती नूव्होला वाढवता येते. म्हणजे २०१२ सालच्या कार्डाला कंपनीच्या पश्चातही वाली आहे आणि २०१६ सालच्या कार्डाला तसा नाही! ज्या शाळांच्या संगणककक्षात कोणीतरी भेट दिलेली जुनी यंत्रे आहेत, त्यांच्या दृष्टीने हा फरक केवळ तात्त्विक नाही.

दोन उदाहरणे

यावर समाजाने काय करावे, याची दोन उदाहरणे पाहू. डेबियन हा लिनक्सचा एक मोठा, स्वयंसेवकांनी चालवलेला संच. त्यांनी २०११ च्या आवृत्तीत सर्व बंद फर्मवेअर मुख्य संचातून बाहेर काढून वेगळ्या कप्प्यात ठेवले. तत्त्व पाळले गेले, पण नवख्या माणसाला संगणक सुरू करणेच अवघड होऊ लागले. अखेर २०२२ साली सभासदांनी मतदान केले आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून बंद फर्मवेअर स्थापनेच्या संचातच देण्यात येऊ लागले. ही तत्त्वाची हार होती की व्यवहाराचे शहाणपण, यावर मतभेद आहेत.

दुसरे उदाहरण अधिक आशादायक आहे. मुलांना संगणक शिकवण्यासाठी इंग्लंडमध्ये तयार झालेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२ साली बाजारात आला. त्याच वर्षी त्याच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा एक भाग उघडा करण्यात आला, पण खरे काम बंद फर्मवेअरच करत असल्याने टीका झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने चित्र-प्रोसेसरच्या त्रिमिती भागाची कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि त्यांच्या आधारे खराखुरा उघडा ड्रायव्हर तयार झाला. संगणक सुरू करणारे फर्मवेअर बंदच राहिले. पण पाट्या दिल्याने कंपनी बुडाली नाही.

सुरक्षा आणि मोकळीक एकत्र नांदू शकतात का? आमच्या मते शकतात. सही तपासणे ठीक आहे. पण यंत्राचा मालक आपल्या जबाबदारीवर स्वतःची सही मान्य करवून घेऊ शकेल, अशी सोय ठेवता येते. अनेक वैयक्तिक संगणकांत कार्यप्रणालीच्या बाबतीत अशी सोय आहे. निदान एखाद्या पिढीला निवृत्त करताना कंपनीने तिच्या किल्ल्या, किंवा गती वाढवणारे सही केलेले फर्मवेअर, उघड्या ड्रायव्हरच्या स्वाधीन करावे. घर सोडून जाणाऱ्या भाडेकरूकडून आपण किल्ली मागतो. येथे तर घर विकून झालेले आहे आणि किल्ली विकणाऱ्याच्याच खिशात आहे.

पुढच्या वेळी वर्गात बंद पेटीचा खेळ घ्याल, तेव्हा शेवटी एक प्रश्न जरूर विचारून पाहा. 'तुमचा अंदाज बरोबर आहे, पण खोके फक्त माझ्याच हातात हलते, असे मी सांगितले तर?' मुले काय उत्तर देतात, ते आम्हांलाही जाणून घ्यायला आवडेल.